वरचे मजले ऑफिससाठी नव्हते

या चर्चेत आधी एकांनी म्हटलंय की जुन्या मोटार शोरूमच्या वरच्या मजल्यांवर कंपनीची ऑफिसं असणार. थोडीफार असतीलही, पण मुख्य वापर गाड्या ठेवायला आणि दुरुस्तीला. फिलाडेल्फियात नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवरची पॅकार्ड या अमेरिकन मोटार कंपनीची इमारत (1910-11, आर्किटेक्ट अल्बर्ट कान) बघा, खाली रस्त्याकडे मोठ्या काचा आणि सगळा थाटमाट, आणि वर सरळ काँक्रीटचे मोकळे मजले, गाडी मालाच्या लिफ्टमधून वर न्यायची.

काँक्रीटचा मुद्दा इथे कुणीच काढला नाही म्हणून लिहितोय. लाकडी फ्लोअरमध्ये तेल मुरतं, त्यात पेट्रोल, म्हणजे आगीला आमंत्रणच, शिवाय गाड्यांचं वजन. अल्बर्टचा भाऊ ज्युलियस कान याने काँक्रीटसाठी एक खास सळई काढली होती, तिच्या दोन्ही कडांना पट्ट्या असायच्या, त्या कापून तिरक्या वर वाकवायच्या, त्यामुळे बीमला टोकाशी तिरके तडे जात नाहीत. डेट्रॉइटला पॅकार्डच्या कारखान्यातल्या 10 नंबरच्या बिल्डिंगमध्ये 1905 मध्ये हीच पद्धत वापरली. खांब लांब लांब ठेवता आले, आणि गाडी वळवायला जागा मिळाली ती त्यामुळेच. माझ्या मते या इमारतींचं खरं सौंदर्य दर्शनी भागापेक्षा या वरच्या मजल्यांवर आहे.