मदत हवी आहे: आईचं कोपर मोडलंय (वय ७८), प्लेटा की कृत्रिम सांधा?

नमस्कार मंडळी, आई घसरून उजव्या हातावर पडली, दंडाचं हाड कोपरापाशी मोडलंय, फ्रॅक्चर सांध्याच्या आत गेलंय आणि सीटी स्कॅनमध्ये बरेच तुकडे दिसतायत. सध्या स्लॅब (अर्धं प्लास्टर) घातलाय. एक सर्जन म्हणतात दोन्ही बाजूंनी प्लेटा बसवू, दुसरे म्हणतात हाड इतकं ठिसूळ आहे की स्क्रू धरणारच नाहीत, सरळ एल्बो रिप्लेसमेंट, म्हणजे कृत्रिम सांधा, करा.

माझी अडचण अशी की रिप्लेसमेंटनंतर त्या हाताने एका वेळी साधारण ५ किलोच्या वर कधीच उचलायचं नाही, सारखं उचलायचं तर १ किलोच, आणि हे जन्मभर. आई काही पोती उचलणार नाहीये, पण ती वॉकरवर चालते, खुर्चीतून उठताना सगळा जोर हातांवर देते, मग तो भारही यातच धरायचा ना? दोन्ही डॉक्टरांनी एक्सरे नीट समजावला पण आई चालते कशी हे कुणीच विचारलं नाही, याचीच मला जास्त काळजी वाटतेय. कुणाच्या घरी असं झालं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन कुठलं ते सर्जननीच ठरवायचं, पण वॉकरचा भार नक्की धरायचा, तो मुद्दा त्यांच्याकडे लावून धरा. रिप्लेसमेंटची जमेची बाजू म्हणजे हात लवकर हलवता येतो. प्लेटांचं फिक्सेशन कच्चं राहिलं तर हात जास्त दिवस बांधून ठेवावा लागतो आणि कोपर आखडायला तेवढं पुरतं, मग हात तोंडापर्यंत जात नाही. २००९ साली कॅनडातल्या सर्जननी ६५ च्या वरच्या ४२ पेशंटवर दोन्हीची तुलना छापली होती, त्यात प्लेटांसाठी घेतलेल्या ५ जणांना ऐन ऑपरेशनमध्ये रिप्लेसमेंट करावी लागली कारण तुकडे पक्के बसेनात. दोन वर्षांनी कोपराचं काम रिप्लेसमेंटवाल्यांचं सरस होतं. म्हणून प्लेटा ठरल्या तरी कृत्रिम सांधा ऑपरेशन थिएटरमध्ये तयार ठेवणार का हे आधीच विचारा. आणि करंगळी बधिर आहे का बघा, करंगळीकडे जाणारी नस कोपराच्या मागूनच जाते, असेल तर ऑपरेशनच्या आधी केसपेपरवर लिहून घ्या.

प्रतिसाद:
आमच्या सासऱ्यांचं ऑपरेशनच केलं नाही, हृदय अशक्त म्हणून भूल द्यायला नको म्हणाले. थोडे दिवस स्लॅब आणि मग सोसेल तेवढंच हलवायचं. हात पूर्ण सरळ होत नाही, जोरही कमी आहे, पण जेवण, शर्टाची बटणं स्वतःची स्वतः करतात. हाही पर्याय असतो, विचारून तरी बघा.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. आईला आत्ताच विचारलं, करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतायत म्हणाली, डॉक्टर राउंडला आले की आधी हेच सांगते. भूलवाल्या डॉक्टरांनाही भेटायचंय, ती रक्त पातळ व्हायची गोळी घेते. अजून एक, पंज्याऐवजी कोपरापुढचा पूर्ण हात टेकवायचा वॉकर मिळतो म्हणे, रिप्लेसमेंटनंतर सर्जननी तो चालेल असं कुणाला सांगितलंय का?