जांघेतली ठसठसणारी गाठ: ऑपरेशनच कशाला?

अँजिओग्राफीनंतर वडिलांच्या जांघेत गाठ धडधडते, आता ऑपरेशन लागेल का, असं तुम्ही विचारलंय. बहुधा नाही. आधी डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करा. अँजिओग्राफीच्या सुईने जांघेतल्या धमनीला पडलेलं छिद्र न बुजता बाहेर रक्ताची पोकळी झाली असेल, म्हणजे स्यूडोअॅन्युरिझम, आणि ती २ सेंमीहून लहान, न दुखणारी असेल तर बरेचदा आपसूक गोठते. आठवड्याने पुन्हा डॉपलर.

मोठी असेल तर पोकळीला धमनीशी जोडणारी मान सोनोग्राफीच्या प्रोबने दाबून धरतात, १०-१० मिनिटं. रुग्ण कळवळतो, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असली की बऱ्याचदा फसतं. त्यापेक्षा थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं औषध बरं: २२ गेजची बारीक सुई पोकळीत, टोक मानेपासून लांब, मिलीला १००० युनिटचं द्रावण ०.१ मिली करत सावकाश. पडद्यावरचा लाल-निळा भोवरा काही सेकंदांत विझतो. विझला की थांबायचं. घाईने जास्त ढकललं तर औषध धमनीत उतरून पाय थंड पडू शकतो, म्हणून आधी-नंतर पावलाची नाडी बघतात. मान आखूड-रुंद, जंतुसंसर्ग किंवा वरची कातडी काळवंडलेली असेल तर मात्र सर्जनच.

स्टेंट असेल तर क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी गोळी परस्पर बंद करू नका. वडिलांना स्कूटरवर मागे बसवून तर अजिबात नेऊ नका! गाठ अचानक फुगली तर आडवं झोपवून सुईच्या खुणेच्या बोटभर वर घट्ट दाबा, १०८ बोलवा, थेट बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज.