मदत हवी आहे : अर्धशिशीच्या माहितीपत्रकातल्या तीन जागा तपासून द्याल का?

मसुदा

रुग्णांसाठी अर्धशिशीवर (मायग्रेन) चार पानी माहितीपत्रक तयार होत आहे. बाकी मजकूर जुळला आहे, तीन जागी अडलं आहे.

१) जुन्या प्रतीत ‘डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून ठणका लागतो’ असं वाक्य आहे. ठेवावं का?
२) टाळायच्या पदार्थांची लांबलचक यादी आहे, सुरुवातच चॉकलेटपासून. तिला कितपत आधार आहे?
३) प्रतिबंधक औषध लागू पडलं की नाही, हे रुग्णाने कधी आणि कशावरून ठरवायचं?

चेतातंतू

पहिलं वाक्य काढा. ते आलं १९३८च्या ग्रॅहम आणि वुल्फ यांच्या प्रयोगांतून. रक्तवाहिन्या आकसवणारं अर्गोटामीन दिल्यावर कानशिलाच्या धमनीची उसळी कमी होत गेली, तसं दुखणंही उतरलं. निरीक्षण खरं होतं, पण त्यावरून कारण ठरवणं घाईचं झालं. २०१३ मध्ये ऐन झटक्यात एमआर अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा एमआरआय) केली, तेव्हा कवटीबाहेरच्या धमन्या रुंदावलेल्या दिसल्या नाहीत. आतल्या किंचित रुंदावल्या होत्या, आणि सुमाट्रिप्टान या झटक्यावरच्या औषधाने दुखणं कमी झालं तरी त्या आकसल्या नाहीत.

आता भर आहे तो मेंदूच्या आवरणांत पसरलेल्या ट्रायजेमिनल (चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना वाहणाऱ्या) चेतातंतूंवर. ते सीजीआरपी नावाचं पेप्टाइड (प्रथिनासारखा छोटा रेणू) सोडतात. १९९० मध्ये गोड्सबी आणि एड्विन्सन यांना झटक्याच्या वेळी मानेतल्या शिरेच्या रक्तात ते वाढलेलं सापडलं. पण नुसतं वाढलेलं सापडणं म्हणजे कारण नव्हे. म्हणून २००२ चा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो: अर्धशिशीच्या रुग्णांना शिरेतून सीजीआरपी दिलं, आणि काही तासांनी त्यांच्यातल्या काहींना अर्धशिशीसारखं दुखणं सुरू झालं.

ऑराबद्दल (काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमक दिसते, तशा लक्षणांबद्दल) वेगळा परिच्छेद हवा. मेंदूच्या पृष्ठभागावरून विद्युत हालचालीची एक लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकते आणि तिच्यामागे तो भाग काही काळ मंदावतो. लिआँव यांनी १९४४ मध्ये ही मंदी सशांच्या मेंदूत नोंदवली. म्हणूनच नागमोडी चमक डोळ्यांपुढे हळूहळू पसरते. एक लक्षण सहसा ५ ते ६० मिनिटं टिकतं. पत्रकात हे ठळक छापा: बोलणं, नजर किंवा हातापायातली शक्ती क्षणात गेली, तर अर्धशिशी समजून थांबू नये, पक्षाघाताची शंका धरून तातडीने दवाखाना गाठावा. शिवाय ऑरा असलेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगायलाच हवं, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो.

नोंदवही

यादीबद्दल. दुखणं सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासूनच हायपोथॅलॅमसचं (भूक, झोप सांभाळणाऱ्या मेंदूतल्या भागाचं) काम बदललेलं स्कॅनमध्ये दिसलं आहे. जांभया, मान आखडणं, वारंवार लघवी, चिडचिड आणि गोड खाण्याची ओढ ही त्याच टप्प्यातली लक्षणं. म्हणजे चॉकलेट खावंसं वाटलं तेव्हा झटका कदाचित सुरू झालेलाच होता, आणि दोष गेला चॉकलेटच्या माथी. अशा याद्या वाचून माणसं एकेक पदार्थ सोडत जातात, जेवण चुकवतात आणि उपाशीपोटी झटका ओढवून घेतात. हे फार वाईट आहे.

यादीऐवजी नोंदीची पद्धत छापा. रोज रात्री नोंद करायची, डोकं दुखलं नाही त्या दिवशीसुद्धा. बहुतेक वह्या इथेच फसतात: फक्त दुखण्याच्या दिवशी लिहिलं तर तोच पदार्थ खाऊनही काही झालं नाही असे दिवस दिसतच नाहीत. झोप, चुकलेलं जेवण, मद्य, रोजची कॉफी अचानक बंद होणं आणि पाळीची तारीख एवढे रकाने पुरेत. पाळीआधीचे दोन दिवस ते पाळीचा तिसरा दिवस ही खिडकी वेगळ्या रंगाने दाखवा. इस्ट्रोजेन उतरण्याशी तिचा संबंध आहे.

मसुदा

यादी काढली. तिसऱ्या प्रश्नाला ‘तीन महिन्यांनी ठरवा’ एवढं पुरेल का?

मात्रा

नाही पुरणार. तीन महिने कधीपासून मोजायचे, ते लिहा. टोपिरामेट हे प्रतिबंधक औषध सहसा २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला २५ने वाढवत दिवसाला १००पर्यंत नेतात. ५०वरच अडकलेला रुग्ण ‘औषध फसलं’ म्हणतो, तेव्हा खरं तर पूर्ण मात्रेची परीक्षा झालेलीच नसते. तोंडाने घ्यायच्या औषधाला पूर्ण मात्रेवर किमान आठ आठवडे द्या. महिन्याला घ्यायच्या सीजीआरपीविरोधी इंजेक्शनांना तीन महिने. (गर्भधारणेची शक्यता असेल तर टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट या प्रतिबंधक औषधांबद्दल आधीच बोलणं व्हावं, दोन्हींनी गर्भाला इजा होऊ शकते.)

मोजायचं काय? २८ दिवसांतले अर्धशिशीचे दिवस, औषधाआधीचे आणि नंतरचे. निम्म्यावर आले तर चांगला गुण. दुखणं जुनाट, म्हणजे महिन्यात १५ किंवा जास्त दिवस असेल, तर ३० टक्के घटही मोलाची धरतात.

आधीचा महिना नोंदवलेला हवाच. माणूस औषध सुरू करतो ते सगळ्यात वाईट महिन्यात. पुढचा महिना आपोआप थोडा बरा जातो. २०१७ च्या एरेनुमॅब या सीजीआरपीविरोधी इंजेक्शनाच्या चाचणीत १४० मिलिग्रॅम घेणाऱ्या ५० टक्के लोकांचे दिवस निम्म्याने घटले, पण नुसतं प्लासिबो (औषध नसलेलं इंजेक्शन) घेणाऱ्यांतही २६.६ टक्क्यांचे घटले.

आणखी एक रकाना: वेदनाशामकाचे दिवस. ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्या गटातली औषधं) किंवा मिश्र (एकाहून जास्त औषधांच्या) गोळ्या महिन्यात १० दिवस, साध्या वेदनाशामक गोळ्या १५ दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. प्रतिबंधक औषधाला गुण येत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

मसुदा

पहिल्या जागी आता हे लिहिलं आहे: ‘अर्धशिशी हा मेंदूचा विकार आहे. तिचा कल बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. ट्रायजेमिनल चेतातंतूंतून सुटणाऱ्या सीजीआरपीमुळे दुखणं होतं.’

चेतातंतू

शेवटचं वाक्य बदला: ‘दुखण्यात सीजीआरपीचा मोठा वाटा असतो.’ सीजीआरपी अडवूनही काहींना गुण येत नाही, आणि त्यांनी हे पत्रक वाचून आपल्याला अर्धशिशी नाहीच असं समजू नये. दुसऱ्या वाटाही आहेत. २०२४ मध्ये पीएसीएपी या वेगळ्या पेप्टाइडविरुद्धच्या प्रतिपिंडाची दुसऱ्या टप्प्यातली चाचणी प्रसिद्ध झाली: ७५० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेनंतर पहिल्या चार आठवड्यांत महिन्यातले अर्धशिशीचे दिवस सरासरी ६.२ने घटले, प्लासिबोवर ४.२ने. ते औषध अजून चाचणीतच आहे, म्हणून पत्रकात त्याचं नाव नको.