वडिलांना जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावलंय, वय ६३

सिडकोकर: सोसायटीच्या हिशेबाच्या तक्रारीत ठाण्यातून फोन आला, 'उद्या ११ वाजता जबाब द्यायला या.' कागद काही नाही. जावंच लागतं का? जबाबावर सही करायची? वकील नेता येतो?

काळा_कोट: आधी विचारा, साक्षीदार म्हणून बोलावलंय की आरोपी म्हणून. सगळं त्यावर आहे. लेखी समजपत्र मागा आणि त्यावरचं कलम बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्यामुळे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली कलमं १६० आणि ४१ अ शोधत बसू नका. आता १७९ म्हणजे साक्षीदार, ३५(३) म्हणजे ज्याच्यावर संशय आहे तो.

१७९ असेल तर साठीपुढच्या माणसाला ठाण्यात यायची सक्ती नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा. बायकांनाही हेच लागू. ३५(३) ला ही सवलत नाही. तिथे हजर राहणंच हिताचं: हजर राहणाऱ्याला अटक करायची तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, न जाणाऱ्याला मात्र त्याच कारणाने अटक होऊ शकते. ३५ ची नोटीस नुसती व्हॉट्सअॅपवर चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

गोदाकाठ: सहीबद्दल. तपासात घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नाही, असं कलम १८१ सांगतं. फिर्यादीवर आणि पंचनाम्यावर सही असते, तिथे गल्लत होते. कोरा कागद तर कधीच नाही.

जबाब टाइप होताना लक्ष ठेवा. सुरुवात 'समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की' अशी ठरलेली, शेवटी 'वाचून पाहिला, बरोबर आहे' हेही ठरलेलं. म्हणून खरंच वाचा, चष्मा न्या. 'मला माहीत नाही' म्हटलेलं 'मला आठवत नाही' झालं, तर अर्थ बदलतो. तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. उत्तर खरं द्यायचं, पण ज्याने स्वतःच गुन्ह्यात अडकू असा प्रश्न टाळता येतो. कलम १८०(२) आणि राज्यघटनेचं २०(३).

काळा_कोट: वकिलाचं राहिलं. अटक झाली तर कलम ३८ प्रमाणे चौकशीत वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. खर्च झेपत नसेल तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण (मोफत कायदेशीर मदत देणारं कार्यालय) आहे, किंवा त्यांच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन लावा.

सिडकोकर: विचारलं. १७९ म्हणाले.

गोदाकाठ: मग आजच अर्ज द्या: वय ६३, जबाब घरी घ्यावा, पत्ता आणि सोयीची वेळ. वयासाठी आधारची झेरॉक्स जोडा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही पोहोच म्हणून घ्या. तोंडी 'सांगितलंय साहेबांना' यावर परत येऊ नका.