लाकडी घाण्याच्या तेलाची जाहिरात: सुरुवात कुठून करू?

प्रश्न: लातुरात करडई-शेंगदाण्याचा लाकडी घाणा आहे. जाहिरातीला महिना ५,००० रुपये काढलेत, दिवाळीपर्यंतचं नियोजन कागदावर तयार आहे. आधी काय करू?

उत्तर १: आधी गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगल सर्च आणि मॅपवर दिसणारी दुकानाची नोंद, ते फुकट आहे. वेळ, पत्ता, घाणा चालू असतानाचे फोटो टाका आणि पडताळणी पुरी करा. मग व्हॉट्सॲप बिझनेस. त्यातल्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची सोय) २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. मोहीम बहुतेक वेळा इथंच फसते, कारण दुकानदार गिऱ्हाइकाचा नंबर घेतो, स्वतःचा देत नाही. बिल करतानाच तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या.

उत्तर २: पत्रकं शहरभर उधळू नका. घाण्याजवळचे दोन-तीन भाग निवडा, पेपरातून पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा टाका. प्रत्येक भागाला वेगळं कूपन छापा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कुठं घालायचे हे कळणारच नाही.

उत्तर ३: बाटलीवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक हवाच. ‘हृदयविकार बरा होतो’ असले दावे अजिबात नकोत. आणि दिवाळीवरच थांबू नका. करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, ताज्या तेलाची आगाऊ नोंदणी तेव्हासाठी ठेवा.