रेफरन्सचे स्वल्पविराम लेखकानेच का मोजायचे?

अर्धवट_प्रबंध
जर्नलला, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाला, पाठवलेला पेपर काल परत आला. नाकारला असता तर एक वेळ समजलो असतो, पण एडिटरपर्यंत पोचलाच नाही. टेक्निकल चेकमध्येच, म्हणजे मांडणी तपासण्याच्या पहिल्या चाळणीतच अडकला. कारण काय, तर 'रेफरन्स (संदर्भयादीतल्या नोंदी) आमच्या स्टाइलमध्ये नाहीत'. एकूण ६४ आहेत. आधीच्या जर्नलला मजकुरात नाव आणि साल हवं होतं, ह्यांना चौकटी कंसात आकडे हवेत. शिवाय जर्नलचं नाव आखूड आणि इटॅलिक, व्हॉल्यूम ठळक, पानं ५१-५९ न लिहिता ५१-९. आधीच्या लोकांनी सहा आठवडे ठेवून घेऊन 'आमच्या विषयात बसत नाही' म्हणून परत पाठवला होता, त्याचं रडगाणं वेगळं.

माझं म्हणणं एवढंच की पहिल्यांदा पाठवताना कुठलीही एक स्टाइल चालली पाहिजे. पेपर घेतलात की मग हवी तशी करून घ्या, तेही तुमच्या खर्चाने. २०१९ साली प्लॉस वन या जर्नलमध्ये ३७२ संशोधकांचं एक सर्वेक्षण आलं होतं. एका मॅन्युस्क्रिप्टच्या फॉरमॅटिंगला साधारण १४ तास, माणशी वर्षाला ५२ तास. (हे तास सगळ्याच फॉरमॅटिंगचे आहेत, नुसत्या रेफरन्सचे नाहीत. आधीच सांगतो, नाहीतर इथे कोणीतरी पकडेलच.)

निवृत्त_मुद्रितशोधक
असहमत. स्वल्पविराम हा बहाणा आहे हो. यादी हाताने लावायला बसलं की प्रत्येक रेफरन्सवर नजर फिरते, आणि चूक तिथेच सापडते.

एक जुनी गोष्ट सांगतो. १८८७ साली प्रागमध्ये यारोस्लाव ह्लावा यांनी आमांशावर लेख लिहिला. चेक भाषेत शीर्षक होतं 'ओ उप्लाविचि', म्हणजे 'आमांशाविषयी'. जर्मन नियतकालिकात त्याचा सारांश छापताना शीर्षकच लेखकाच्या जागी गेलं. झालं, डॉ. ओ. उप्लाविचि जन्माला आले! पुढे पन्नास वर्षं लोक त्यांचा हवाला देत राहिले. १९३८ साली क्लिफर्ड डोबेल यांनी हा माणूस अस्तित्वातच नव्हता हे दाखवून दिलं. एकाने जरी मूळ अंक उघडला असता तर?

अर्धवट_प्रबंध
काका, गोष्ट झकास आहे, पण ती माझ्या बाजूची. 'उप्लाविचि ओ.' हे फॉरमॅट बिनचूकच होतं की! आडनाव आधी, आद्याक्षर नंतर, पुढे टिंब. टेक्निकल चेकवाल्यांनी हसत पास केलं असतं.

खडूस_रिव्ह्यूअर
ह्याच्याही पुढची गंमत. एल्सेव्हियर या बड्या जर्नल-प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांत रेफरन्स कसा लिहावा याचा एक नमुना असायचा: फान डेर खेर आणि सहकारी, 'शास्त्रीय लेख लिहिण्याची कला', साल २०००, व्हॉल्यूम १६३, पानं ५१ ते ५९. असा पेपर नाही, तसं जर्नलही नाही. तरी वेब ऑफ सायन्स या डेटाबेसमध्ये त्याला जवळपास ४०० सायटेशन निघाली, म्हणजे तितक्या पेपरांनी त्याचा हवाला दिला. बऱ्याच लोकांनी टेम्प्लेटमधला नमुना पुसायचा राहूनच दिला असावा. फॉरमॅट अर्थातच आदर्श.

म्हणून मी काकांशी अर्धा सहमत. नजर फिरवा, पण ती रेफरन्स खरा आहे का यावर. टिंब कुठे आहे ते बघून काय मिळणार? हल्ली एआयकडून आलेल्या खोट्या रेफरन्सची टिंबं तर माझ्यापेक्षा नीट असतात.

झोटेरोभक्त
२०२० नंतरही कोणी हाताने करतंय?? झोटेरो हे रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात चालणाऱ्या सीएसएलच्या (स्टाइलचे नियम लिहायची भाषा) दहा हजारांवर स्टाइल तयार आहेत. जर्नल बदललं की स्टाइल बदला, दोन मिनिटं. धागाच निकालात.

अर्धवट_प्रबंध
दोन मिनिटं बटण दाबायला. मग शीर्षकातलं 'डीएनए' छोट्या इंग्रजी अक्षरांत गेलेलं शोधा, जातींच्या लॅटिन नावांचं इटॅलिक परत आणा, आणि कुठल्या तरी डेटाबेसमधून 'एट अल' (म्हणजे 'आणि इतर') हाच एक सहलेखक म्हणून आलेला असतो, त्याला हाकला.

कुलकर्णीबाई
आणि नावं? आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी. मी पहिला पेपर पाठवताना फॉर्ममध्ये तसंच भरलं, आडनाव, माझं नाव, वडिलांचं नाव. सॉफ्टवेअरला शेवटचा शब्द म्हणजेच आडनाव. परिणामी तो पेपर 'भालचंद्र के. एस.' या नावाने फिरतोय. बाबांना भारी आनंद. प्रमोशनच्या वेळी मात्र तो पेपर माझाच आहे हे पटवायला मला अर्ज करावा लागला. दक्षिणेकडे कित्येकांना आडनावच नसतं, त्यांचं काय होत असेल! स्टाइल कुठलीही घ्या, ती पाश्चात्त्य नावांच्या मापाने बेतलेली.

निवृत्त_मुद्रितशोधक
बाई, हेच तर मी म्हणतोय, कोणीतरी डोळ्यांनी बघायला हवं.

लेखकांवर माझा विश्वास का नाही तेही सांगतो. २००३ साली सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी रेफरन्समधल्या छापील चुका मोजल्या. एका गाजलेल्या भौतिकशास्त्रातल्या पेपरची ४३०० सायटेशन, त्यांत १९६ चुकीची. पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पान क्रमांकाची एकच चूक ७८ वेळा. म्हणजे लोक दुसऱ्याच्या यादीतून उतरवतात. हवाला देणाऱ्यांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा मूळ पेपर वाचत असेल, असा त्यांचा अंदाज.

एक्सएमएलवाला
चेन्नईत जर्नलांच्या टाइपसेटिंगमध्ये आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो. तुमची स्टाइल आमच्याकडे पहिल्या तासात फेकली जाते. सॉफ्टवेअर रेफरन्सचे तुकडे करतं (लेखक, साल, शीर्षक, व्हॉल्यूम, पान), क्रॉसरेफ या पेपरांच्या नोंदींच्या डेटाबेसशी ताडून बघतं आणि जर्नलची स्टाइल वरून नव्याने चढवतं. तुम्ही व्हॉल्यूम ठळक केलाय का, हे आम्ही बघतही नाही.

आम्हाला हवी असते ती माहिती, आणि ती भरपूर. सगळे लेखक, जर्नलचं पूर्ण नाव, दोन्ही पानं, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, त्याची लिंक उघडली की पेपर सापडतो). पूर्ण नावावरून आखूड करता येतं, आखडलेलं उलगडताना घाम फुटतो. तेव्हा ५१-९ मागणाऱ्या जर्नलने लेखकाकडून माहिती कमीच करून घेतली.

खडूस_रिव्ह्यूअर
+१. मुळात व्हँकूव्हर स्टाइल (वैद्यकीय जर्नलांची आकडेवाली) आली ती लेखकांचा जीव सोडवायला. १९७८ साली वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमले ते एकच हस्तलिखित सगळीकडे चालावं म्हणून. मग प्रत्येकाने त्यात आपली चिमूटभर हळद टाकली. आता एल्सेव्हियरची कितीतरी जर्नलं पहिल्या सबमिशनला कुठलीही स्टाइल घेतात, फक्त यादीभर एकच हवी. म्हणजे होतं सगळं, करायचं नसतं.

निवृत्त_मुद्रितशोधक
स्टाइल सोडा, मान्य. पण मग ६४च्या ६४ डीओआय उघडून बघायची अट घाला. घालणार का?

अर्धवट_प्रबंध
काकांचा टोमणा लागला म्हणून रात्री बसलो. ६४पैकी ४१ला डीओआय होता, सगळे उघडले. दोन चुकीच्या पेपरवर गेले. एकाचं पान चुकलेलं, ते गाईडच्या प्रबंधातही तसंच आहे, म्हणजे मी कुठून उतरवलं ते आता सगळ्यांना कळलं. वेळ लागला सव्वा तास. ठळक आणि इटॅलिक करण्यात शनिवार-रविवार गेले, ते मात्र कोणी भरून देणार नाही.

झोटेरोभक्त
उरलेले २३?

अर्धवट_प्रबंध
त्यातली सात जुनी पुस्तकं, एक मराठी अहवाल. त्या अहवालाचं शीर्षक रोमन लिपीत द्यायचं की भाषांतर करून, यावर जर्नलच्या सूचना गप्प आहेत. कोणी केलंय का हे?