डुक्कर फियाट: दोन रंगांच्या मधली रेघ

चाकोरी
१९५०च्या दशकातली फियाट ११००, म्हणजे आपली डुक्कर फियाट, दोन रंगांत रंगवतोय. पत्र्याचं काम, इपॉक्सी प्रायमर, सरफेसर (रंगाखालचे अस्तराचे थर) झालंय. वर क्रीम, खाली गडद हिरवा, दोन्ही टू-के पीयू सॉलिड (हार्डनर मिसळून मारायचा, वर क्लिअर न लागणारा पॉलियुरेथेन रंग). आधी कुठला मारायचा? पेंटर म्हणतो दरवाजे उतरवूनच मारू. शिवाय टेप काढल्यावर रेघेवर कड उभी राहते, तिचं काय?

घासकागद
क्रीम आधी. हिरवा दोन हातांत (थरांत) क्रीमला झाकतो. उलट केलं तर क्रीमचे चार-पाच हात लागतात आणि तीच जाडी कड बनून दिसते. क्रीम रेघेच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर उतरवा, रात्रभर वाळू द्या, मग तेवढा पट्टा ८०० नंबरच्या पेपरने पाण्यात घासा. न घासता हिरवा मारलात तर पुढे तिथूनच सोलणार.

रेघेवर ३ किंवा ६ मिमीची प्लास्टिकची फाइनलाइन टेप. कागदी टेपला सुरकुत्या असतात, रंग त्यांतून आत शिरतो. ती फक्त मागचा कागद धरायला. टेपची कड नखाने दाबून तिच्यावर क्रीमचाच एक हलका हात मारा. झिरपलंच तर क्रीमवर क्रीम झिरपेल. हिरव्याचा पहिला हातही हलकाच.

शेवटच्या हातानंतर टेपवरच्या रंगाला बोट लावून बघा, तार सुटेनाशी झाली की टेप काढा, स्वतःवरच उलटी दुमडत, सावकाश. पूर्ण कडक झाल्यावर ओढलीत तर कडेचे टवके उडतात.

गॅप_मास्टर
पेंटरचं अर्धं बरोबर. दरवाज्यांच्या आतल्या कडा आणि चौकटी उतरवूनच रंगवायच्या. पण बाहेरचा रंग दरवाजे बसवून, गॅप (सांध्यांच्या फटी) जुळवल्यावर. मडगार्ड ते मागचा पत्रा टेप एका दमात लावायची. सुटे दरवाजे रंगवले तर रेघ दर सांध्याला दोन-तीन मिमी वरखाली होते.

लेव्हल वापरू नका, बॉडीच मुळात सरळ नाही. पत्र्याच्या घडीपासून दर १५ सेंटिमीटरला माप घेऊन पेन्सिलची खूण करा, तीच मापं दुसऱ्या बाजूला. मग दहा फुटांवरून बघा; डोळ्याला खटकलं तर माप सोडून डोळ्याचं ऐका. रेघ क्रोमच्या पट्टीखाली जाणार असेल तर पट्टी आधी बसवून बघा आणि रेघ तिच्या मध्यावर घ्या. कडेचा प्रश्नच मिटतो.

घासकागद
पट्टी नसेल तर सॉलिडऐवजी बेसकोट (नुसता रंगाचा थर) घेऊन त्यावर क्लिअर (पारदर्शक थर) मारून कड बुजते, पण गाडी कालच शोरूममधून आल्यासारखी दिसते. या गाडीला ते शोभत नाही. हलकी कड राहू द्या. २००० पेपरने मोडायला गेलात तर आधी कडेचाच रंग उडेल.

चाकोरी
छत झाकायला वर्तमानपत्र चालेल?

गॅप_मास्टर
अजिबात नाही. थिनर त्यातून झिरपतो आणि क्रीमवर शाई उमटते. मास्किंग पेपर किंवा प्लास्टिक फिल्म घ्या. हार्डनरमध्ये आयसोसायनेट (श्वासाला घातक रसायन) असतं, तेव्हा फडकं बांधून फवारणी नको. बाहेरून हवा येणारा मास्क हवा. आणि पावसाळी दमट हवेत डबा उघडूच नका, हार्डनर ओल धरतो आणि रंगाला बुडबुडे येतात.